पाण्यावरचा रस्ता रुंद करताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



राहत्या घराची दुरुस्ती काढणं किती जिकिरीचं असतं, हे आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवलेलं आहे. गवंडी एक भिंत फोडतो, तेव्हा आतली दुसरीच भानगड बाहेर येते. पण घर जमिनीवर असतं, एवढा तरी दिलासा असतो. आता अशी कल्पना करा की ते घर पाण्यावर तरंगतंय, त्याला खोल्या वाढवायच्या आहेत आणि गवंड्याला सांगितलंय, की भिंती फोड, पण पाणी आत येऊ देऊ नकोस. जुन्या तरंगत्या पुलांची दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरांची अवस्था साधारण अशीच असते.

तरंगता पूल म्हटलं की आपल्याला प्रयागचा कुंभमेळा आठवतो. लोखंडी पिंपं ओळीनं पाण्यात सोडायची, दोरांनी बांधायची, वर फळ्या टाकायच्या. २०२५ च्या महाकुंभात असे तीस पूल होते. मेळा संपला, पावसाळा जवळ आला की ते सोडवून ठेवतात. ते तात्पुरते असतात, म्हणून त्यांच्या म्हातारपणाचा प्रश्न येत नाही.

पण कायमचा तरंगता पूलही आपल्याकडे होऊन गेला आहे. सिनेमात दिसतो तो हावडा पूल १९४३ सालचा. त्याच्या आधी, १८७४ पासून, तिथं सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी बांधलेला १५२८ फुटांचा तरंगता पूल होता. बांधकाम पुरतं होतंय न होतंय तोच, त्याच वर्षीच्या मार्चमधल्या वादळात एक आगबोट नांगर तुटून येऊन त्यावर आदळली आणि दोनशे फुटांचा भाग नादुरुस्त झाला. तो पुन्हा उभा करून पूल सुरू झाला आणि पुढं जवळजवळ सत्तर वर्षं त्यानं कलकत्त्याची वाहतूक पेलली. जहाजांना वाट देण्यासाठी मधला भाग बाजूला काढत, आणि तेवढा वेळ दोन्ही काठांवर बैलगाड्यांची रांग लागे. गर्दी वाढली तेव्हा शेवटी त्याच्या जागी वेगळ्या जातीचा, अधांतरी उभा राहणारा पूलच बांधावा लागला.

सगळीकडे ही सोय नसते. अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिअ‍ॅटल शहर आहे. त्याच्या पूर्वेला वॉशिंग्टन सरोवर पसरलेलं आहे. सरोवराच्या पलीकडे बेलव्ह्यू, रेडमंड ही गावं. संगणकाच्या धंद्यामुळे आपल्याकडची कितीतरी मुलं तिथं राहतात आणि या सरोवरावरच्या पुलांवरून रोज ये-जा करतात. आपण कुठल्या वस्तूवरून गाडी चालवतोय, याचा विचार त्यांतल्या किती जणांनी केला असेल, कुणास ठाऊक.

हे सरोवर दोनशे फुटांहून अधिक खोल आहे आणि तळाला मऊ गाळाचा जाड थर आहे. खांब उभे करायचे तर कशावर? होमर हॅडली नावाच्या इंजिनिअरनं यावर उपाय सुचवला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यानं काँक्रीटची जहाजं बांधण्याच्या कामात भाग घेतला होता. काँक्रीटचं जहाज तरंगतं, मग काँक्रीटच्या पेट्या एकापुढे एक जोडून त्यांवरून रस्ता का नेऊ नये, असं त्याचं म्हणणं. १९२१ च्या सुमारास त्यानं हा विचार मांडला, तेव्हा लोकांनी त्याला हसण्यावारी नेलं. पुढं राज्याच्या महामार्ग खात्याचे संचालक लेसी मरो यांनी तो उचलून धरला आणि २ जुलै १९४० रोजी पूल खुला झाला. त्याला नाव मिळालं मरोंचं. हॅडलीचं नाव पन्नासेक वर्षांनी शेजारच्या दुसऱ्या पुलाला दिलं गेलं. असं होतं खरं.

आता या पुलाची रचना पाहू. प्रत्येक पेटी सुमारे साडेतीनशे फूट लांब आणि साठेक फूट रुंद. आत भिंती घालून अनेक कप्पे पाडलेले, म्हणजे एका कप्प्यात पाणी शिरलं तरी शेजारचे कोरडे राहतात. अशा पेट्या टोकाला टोक लावून जोडायच्या, पोलादी दोरांनी तळाच्या नांगरांना बांधायच्या, आणि पेट्यांच्या छपरावरूनच रस्ता. स्टीलचं रिकामं पातेलं पाण्यावर का तरंगतं, ते शाळेत आपण शिकलोय. पातेलं आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं. पेट्यांचंही तेच.

आणि नेमकी इथंच दुरुस्ती अवघड होऊन बसते. जरा हिशोब करून पाहा. साडेतीनशे फूट लांब आणि साठ फूट रुंद पेटी एक इंच खाली जायला तिच्यावर सुमारे पन्नास टन वजन चढावं लागतं. पन्नास टन ऐकायला खूप वाटतात. पण काँक्रीट पाण्याच्या जवळजवळ अडीचपट जड. म्हणजे त्या पेटीच्या छपरावर, आपल्या करंगळीच्या जाडीएवढा, एक सेंटिमीटरचा काँक्रीटचा थर दिला, की पेटी एक इंच खाली बसते. जमिनीवरच्या पुलाला नवा थर देताना खांबांवर थोडा भार वाढतो, एवढंच. इथं दर थरागणिक अख्खा पूल पाण्याच्या जवळ येतो, आणि वादळात लाटा रस्त्यावर चढायला लागतात.

रुंदी वाढवण्याचंही तसंच. रस्ता पेटीच्या काठाबाहेर काढायचा तर ते वजन कडेला येतं. एकाच बाजूला आलं तर पूल कलतो. मग तो सरळ करायला दुसऱ्या बाजूला वजन ठेवा, की आणखी खाली. होडीत कडेला बसलेल्या जाड माणसामुळे समोरच्या बाकावर दोघांना बसवावं लागतं, तशातली गत.

१९४० साली ज्या मोटारींसाठी मरो पूल बांधला, त्या मोटारी आणि तो वेग दोन्ही लवकरच मागं पडले. जहाजांना वाट देण्याची या पुलाची पद्धत मोठी गमतीची होती. पुलाचा सरकता भाग पुलाच्याच पोटात मागे ओढून घ्यायचा. त्यासाठी मधे पाण्याचं एक मोकळं डबकं ठेवलेलं, आणि त्याला वळसा घालून रस्ता दोन बाजूंनी फुगलेला. भरधाव येणाऱ्या गाड्यांना अचानक तिथं वळावं लागे. अपघात होत राहिले. तो फुगवटा १९८१ साली काढून टाकला. रस्त्याच्या मार्गिका मात्र अरुंदच राहिल्या. आंतरराज्य महामार्गाच्या नियमांत त्या बसत नव्हत्या.

म्हणून आधी शेजारी दुसरा तरंगता पूल बांधला, तो १९८९ मध्ये सुरू झाला. सगळी वाहतूक तिकडे वळवली आणि जुना पूल बंद करून त्याच्या दुरुस्तीला हात घातला. हे अगदी शहाणपणाचं होतं. दुर्दैवानं कथा इथंच वळण घेते.

रस्ता रुंद करायचा तर आधी कडेचे पदपथ काढायला हवेत. काँक्रीट फोडायला प्रचंड दाबाच्या पाण्याचा फवारा वापरायचं ठरलं. यात हादरे कमी बसतात. पण वापरलेल्या पाण्यात काँक्रीटचा चुरा आणि इतर घाण मिसळते. पर्यावरणाच्या कायद्यानुसार ते सरोवरात सोडता येत नव्हतं. मग ते ठेवायचं कुठं? इंजिनिअरांनी गणित मांडलं. पेट्या गरजेपेक्षा बळकट आहेत, तेव्हा काही काळ त्यांच्या पोटातच पाणी साठवायला हरकत नाही, असं उत्तर आलं. कामाच्या सोयीसाठी पेट्यांची पाणी अडवणारी दारंही काढून ठेवली.

उत्तर कागदावर बरोबर होतं, असं मला वाटतं. कागदावर फक्त पावसाळी हवा नव्हती. १९९० सालचा नोव्हेंबर. गुरुवारी, २२ तारखेला त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण, त्याला जोडून सुट्या, म्हणजे आपल्याकडच्या दिवाळीसारखी सामसूम. त्याच दिवसांत वादळ आलं. पावसाचं आणि लाटांचं पाणी पेट्यांमध्ये शिरत राहिलं. दारं नसल्यानं ते थांबलं नाही. शनिवारी कामगारांच्या लक्षात आलं की पूल वाजवीपेक्षा खाली बसलाय. पंप लावले. पण रविवारी, २५ नोव्हेंबरला, एक पेटी भरून खाली गेली. ती इतरांना पोलादी दोरांनी बांधलेली होती आणि भार असताना त्यांना सोडवण्याची सोय नव्हती. तिनं शेजारणीला ओढलं, तिनं पुढचीला. पाहता पाहता २७९० फुटांचा पूल सरोवराच्या तळाशी गेला. लोकांनी हे दूरचित्रवाणीवर थेट पाहिलं. बुडताना तुटलेल्या भागांनी शेजारच्या नव्या पुलाचे काही नांगरदोरही तोडले, आणि तोही काही काळ बंद ठेवावा लागला.

पूल वाहतुकीला बंद होता आणि बुडायला वेळ लागला, त्यामुळे कुणाचा जीव गेला नाही. नुकसान झालं ६ कोटी ९० लाख डॉलरचं. आणि जे पाणी सरोवरात जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला होता, ते सगळं पुलासकट सरोवरातच गेलं.

पन्नास वर्षं हा पूल वादळं सोसत उभा होता. मग तो बुडाला, तो आयुष्यातल्या सर्वांत तंदुरुस्त अवस्थेकडे जात असताना. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोगी दगावावा, तसं. तरंगत्या पुलाची ताकद त्याच्या काँक्रीटइतकीच त्याच्या झाकणांत असते, आणि दुरुस्ती म्हणजे ती झाकणं उघडणं. रस्त्यावरच्या पुलाला आपण खड्डा पाडला तर तो खड्डाच राहतो. इथं प्रत्येक भोकावर पाण्याची नजर असते. मरो पूल पुन्हा बांधून १२ सप्टेंबर १९९३ रोजी सुरू झाला.

झाकणांचा धडा त्याच राज्यात त्यापूर्वी एकदा मिळालेला होता, म्हणून जास्त हळहळ वाटते. सिअ‍ॅटलच्या पश्चिमेला समुद्राची एक खाडी आत शिरते. तिला म्हणतात हूड कनाल. नावात कनाल असला तरी तो कालवा नाही. त्यावर १९६१ साली तरंगता पूल झाला. खारं पाणी, भरती-ओहोटी आणि वाऱ्याला मोकळं रान. १३ फेब्रुवारी १९७९ च्या पहाटे ताशी सुमारे १३५ किलोमीटरच्या वाऱ्यानं, मधूनच त्याहून कितीतरी मोठ्या झोतांनी, त्याला झोडपलं. पश्चिमेकडचा अर्धा पूल बुडाला. वाहतूक आधीच बंद केली होती आणि माणसं वेळेत बाहेर पडली. लाटांच्या माऱ्यानं पेट्यांवरची झाकणं उघडली गेली आणि आत पाणी शिरलं, हे एक प्रमुख कारण मानलं गेलं. नवा अर्धा भाग बसायला ऑक्टोबर १९८२ उजाडला. तोवर साडेतीन वर्षांहून अधिक काळ लोक बोटींनी नाहीतर लांबच्या वळशानं जात होते. गावाकडचा पूल पावसात वाहून गेला की काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या साडेतीन वर्षांचा अर्थ सांगायला नको.

पूर्वेकडचा जुना अर्धा भाग मात्र तसाच होता. अरुंद, कडेला गाडी उभी करायला जागा नाही, वय झालेलं. तो बदलायचा तर पेट्या कुठंतरी कोरड्या जागी ओतायला हव्यात. पोर्ट अँजेलिस गावाच्या किनाऱ्यावर त्यासाठी मोठा खड्डा खणायला २००३ मध्ये सुरुवात झाली, आणि जमिनीतून माणसांची हाडं निघाली. तिथं क्लॅलम या मूळ रहिवाशांचं त्से-व्हिट-झेन नावाचं गाव होतं. वस्ती सुमारे २७०० वर्षांपूर्वीची. तीनशेहून अधिक पुरलेले देह सापडले. क्लॅलम लोकांनी आपल्या पूर्वजांना असं उकरू नका म्हणून विनवलं. डिसेंबर २००४ मध्ये राज्यानं तिथलं काम सोडून दिलं. कोट्यवधी डॉलर वाया गेले. पेट्या टॅकोमा शहरात ओतून पाण्यातून ओढत आणल्या. मला वाटतं हा निर्णय उशिरा झाला, पण बरोबर झाला. धरणाखाली गेलेली आपल्याकडची देवळं आणि स्मशानं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे पटेल.

२००९ साली मे महिन्याच्या पहिल्या तारखेला तो पूल बंद केला, जुना पूर्वभाग सोडवून नेला, नवा रुंद भाग आणून बसवला आणि ३ जूनला वाहतूक सुरूही झाली. पाच आठवड्यांत! अर्धा पूल उचलून नेऊन तिथं दुसरा आणून ठेवणं, हे खांबांवरच्या पुलाला कधीच जमलं नसतं. तरंगण्याचा हा एक मोठा फायदा. पश्चिमेचा १९८२ चा भाग ठेवला आणि त्याचंच नूतनीकरण करून रस्ता रुंद केला.

मग प्रश्न येतो तो हाच, की कधी दुरुस्त करावं आणि कधी बदलावं. याचं उत्तर वॉशिंग्टन सरोवरावरच्या दुसऱ्या रस्त्यानं, ५२० क्रमांकाच्या महामार्गानं दिलं. त्याचा पूल १९६३ सालचा. दिवसाला ६५,००० वाहनं धरून बांधलेला, प्रत्यक्षात लाखाच्या वर जाऊ लागली. कडेला मोकळी पट्टी नाही. एक गाडी बंद पडली की सगळं सरोवर खोळंबणार. १९९३ च्या वादळात त्याला तडाखा बसला. १९९९ मध्ये पेट्यांमधून पोलादी तारा ताणून बसवल्या आणि भेगा आवळून धरल्या. वाऱ्यापुढे टिकण्याची ताकद वाढली, पण दर दुरुस्तीनं वजनही वाढलं. असं होत होत पूल मुळापेक्षा सुमारे एक फूट खाली तरंगू लागला. मघाचा इंचाचा हिशोब आठवा. वारा फार झाला की वाहतूक बंद करून पुलाचा मधला भाग उघडून ठेवत, म्हणजे ताण कमी होई. ज्या पुलाला जगण्यासाठी मधूनमधून स्वतःला तोडून घ्यावं लागतं, त्याला रुंद काय करणार?

शेवटी त्याच्या शेजारी नवा पूल बांधला. त्यासाठी लागणाऱ्या पैशांपैकी काही भाग उभा करायला जुन्या पुलावरच डिसेंबर २०११ पासून टोल सुरू झाला. जुन्याच्या जिवावर नव्याची वर्गणी! नव्या पुलाला ७७ पेट्या. त्यांतल्या मोठ्या ३६० फूट लांब, ७५ फूट रुंद, २८ फूट उंच, प्रत्येकी ११,००० टनांच्या. पहिल्या खेपेच्या पेट्यांना चक्क भेगा पडल्या, त्या दुरुस्त करण्यात वेळ आणि पैसा गेला. नवं म्हणजे निर्धोक, असं समजायचं कारण नाही. एप्रिल २०१६ मध्ये पूल सुरू झाला. सुमारे ७७१० फुटांचा हा जगातला सर्वांत लांब तरंगता पूल ठरला. इथं रस्ता पेट्यांच्या छपरावर नाही, पायांवर वर उचललेला आहे. लाटा खालून जातात, आणि दुरुस्तीवाल्यांच्या गाड्याही खालूनच. वरची वाहतूक थांबवावी लागत नाही. पुढंमागं रेल्वे आणायची झाली तर आणखी पेट्या कडेला जोडून पूल रुंद करता येईल, अशी तजवीज आधीच केलेली आहे. १९४० मध्ये कुणी हा विचार केला नव्हता, आणि त्यांना दोष देता येत नाही.

रेल्वे मात्र आधी दुसऱ्याच पुलावर आली. हॅडलीचं नाव दिलेल्या, १९८९ च्या पुलाच्या मधल्या मार्गिका २०१७ मध्ये मोटारींना बंद केल्या आणि तिथं विजेवरच्या गाड्यांचे रूळ टाकायला घेतले. तरंगत्या पुलावर रूळ म्हणजे काय त्रांगडं आहे पाहा. सरोवराची पातळी वर्षभरात दोनेक फूट वरखाली होते. वाऱ्यानं पूल बाजूला सरकतो, गाडी आली की खाली दबतो, किंचित पीळही पडतो. काठावरचा भाग मात्र जागचा हलत नाही. या दोहोंच्या सांध्यावर रूळ तुटूही नयेत आणि वाकडेही होऊ नयेत. त्यासाठी खास वाकू शकणारे छोटे पोलादी पूल तयार केले आणि कोलोरॅडोतल्या प्युब्लो इथल्या मैदानावर त्यांवर गाड्या चालवून पाहिल्या. शिवाय रुळांतली वीज झिरपून पेट्यांतल्या सळया आणि नांगरदोर गंजू नयेत, म्हणून ती जागोजाग अडवावी लागली. वजनाचा हिशोब तर पावलोपावली होताच. २०२५ मध्ये त्यावरून विजेवर चालणाऱ्या गाडीची पहिली चाचणी झाली.

वरून गाडी जात असते, प्रवासी खिडकीतून पाणी बघत असतात किंवा बघतही नसतात. या सगळ्या पुलांवर पाहणी करणारी माणसं ठरावीक दिवशी झाकण उघडून शिडीनं पेटीत उतरतात. आत अंधार, डोक्यावर वाहनांची घरघर. बॅटरीच्या प्रकाशात एकेका कप्प्याच्या भिंतीवर हात फिरवून ओल आहे का बघतात, जुन्या भेगेची लांबी मोजून लिहून घेतात. आणि वर येऊन झाकणाचे बोल्ट पुन्हा पक्के आवळतात.